जिभेचा रकाना

संशोधनासाठी पैसे मागायचा जो फॉर्म असतो, त्यात 'अपेक्षित निष्कर्ष' असा एक रकाना असतो. काम सुरू व्हायच्या आधीच त्यातून काय निघणार ते तीनशे शब्दांत लिहून द्यायचं. आमच्या कॉलेजातली चार-पाच मुलं दरवर्षी फेलोशिपचे फॉर्म भरतात, रसायनशास्त्राची मास्तरीण म्हणून मी त्यांना शिफारसपत्रं लिहून देते, आणि त्या रकान्यापाशी आले की मला बावतीसकाकांचं हसू ऐकू येतं. "बाई, निष्कर्ष आधीच ठाऊक असेल तर पैसे कशाला मागतोय हा? साखरपुड्याआधी बारशाचं आमंत्रण!"

बावतीसकाका आमच्या प्रयोगशाळेचे सहायक होते. चौतीस वर्षं त्यांनी परीक्षानळ्या धुतल्या, द्रावणं बनवली आणि आम्हा प्राध्यापक मंडळींच्या चुका निस्तरल्या. माणूस भुईगावचा, वाडीवाला. पहाटे केळीला आणि मोगऱ्याला पाणी सोडायचं, मग सायकल काढून वसईला यायचं. बुटके, काटकुळे, कानावर पेन्सिल. चहा मात्र प्रयोगशाळा उघडून, नळाचं पाणी एक घोट चाखून झाल्याशिवाय घ्यायचे नाहीत. "चहानं जीभ झाकते," म्हणायचे. मला तेव्हा वाटायचं, असते एकेकाची तऱ्हा.

मी साताऱ्याकडची. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी एक बाटली चिठ्ठी न लावता फळीवर ठेवून घरी गेले. काकांचा नियम होता की प्रत्येक बाटलीवर तीन गोष्टी हव्यात: काय, कधी, कुणी. दुसऱ्या दिवशी त्या बाटलीवर त्यांच्या ठसठशीत अक्षरात चिठ्ठी होती. 'काय: ठाऊक नाही. कधी: मंगळवार. कुणी: नवीन बाई.' मी तणतणत विभागप्रमुखांकडे गेले. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "माझी अशी एक बाटली अजून आहे त्यांच्याकडे, वरच्या फळीवर." मी गुमान परत आले. माझी बाटली महिनाभर तिथेच होती आणि येणारी-जाणारी पोरं ती वाचून खोकल्याचं नाटक करत होती.

काका स्वतः जुन्या अकरावीपर्यंत शिकलेले. तरी टेबलावर कुणाचाही संशोधनाचा प्रस्ताव पडलेला दिसला की ओळीखाली बोट धरून वाचायचे. न कळलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने हलकी रेघ मारायचे. आमचे एक सहकारी पीएच.डी.साठी अनुदान मागत होते. त्यांचा बारा पानी प्रस्ताव परत मिळाला तेव्हा त्यात रेघाच रेघा. ते भडकले, "तुम्हाला नाही समजलं तर त्यात माझा काय दोष?"

"तुमचा नाहीच सर," काका म्हणाले. "मला नाही समजलं तर मी अडाणी. पण मी विचारल्यावर तुम्हाला सांगता आलं नाही, तर?" आणि मग त्यांचा नेहमीचा प्रश्न आला, "हांगा, यातलं तुम्हाला काय ठाऊक नाही?"

त्यांच्या घरच्या बोलीत 'सांग'चं 'हांग' होतं. एरवी आमच्याशी ते पुस्तकी मराठी बोलायचे, पण खरं काही विचारायचं असलं की घरचा शब्द बाहेर यायचा. सहकाऱ्यांनी अर्धा तास आपल्याला काय काय ठाऊक आहे ते सांगितलं. काका म्हणाले, "हे सगळं ठाऊक असल्याबद्दल तुम्हाला पगार मिळतोच ना सर? फेलोशिप अज्ञानाची मिळते. ते कुठे लिहिलंय?"

या एका वाक्यावर मी पुढे कितीतरी वर्षं व्याख्यानं झोडली. काकांचं नाव कधी घेतलं, कधी विसरले.

त्यांचं स्वतःचं अज्ञान एका जाड वहीत होतं. दर मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ते भुईगावातल्या अकरा विहिरींचं पाणी अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या बाटल्यांत भरायचे. समुद्राकडची खार वाड्यांत शिरतेय, बावखलं बुजवून लोक बंगले बांधतायत, टँकरवाले दिवसरात्र पाणी उपसतायत, असं सगळा गाव म्हणत होता. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठून जमिनीत मुरतं आणि विहिरींना पुरतं. "म्हणतात सगळे," काका म्हणायचे, "पण कुठल्या विहिरीत किती, ते कोण बघतंय?" म्हणून ते बघायचे. आधी विहिरीवरच घोटभर चाखून 'जीभ' या रकान्यात लिहायचे: गोड, मचूळ, खारट. मग बाटल्या सायकलला लावून थेट कॉलेजात, आणि प्रात्यक्षिकांतून उरलेल्या सिल्व्हर नायट्रेटने, ब्युरेट नावाच्या मोजनळीतून थेंब थेंब सोडत, पाण्यातला क्षार मोजून तो आकडा 'ब्युरेट' या रकान्यात. विहिरींना नंबर नव्हते, नावं होती. इनासची, मोतेसच्या म्हातारीची, शाळेमागची, फुटक्या काठाची.

आणि तपासून उरलेलं पाणी ते ज्याचं त्याच्या विहिरीत परत नेऊन ओतायचे. पाच-सहा किलोमीटर सायकल मारून, वाटीभर पाणी! मी एकदा हसले तर म्हणाले, "उसनं आणलंय ना बाई."

निवृत्त झाल्यावर त्यांची पंचाईत झाली. बाहेरच्या माणसाला शनिवारी प्रयोगशाळा उघडून देता येईना. मी प्राचार्यांच्या मागे लागून सोमवारची सकाळ मिळवून दिली. म्हणजे शनिवारी भरलेल्या बाटल्या सोमवारपर्यंत काकांच्या स्वयंपाकघरात, ओट्याच्या कडेला रांगेत. एवढाच काय तो फरक पडला.

स्नेहल आमची एम.एस्सी.ची विद्यार्थिनी. राहायला नालासोपाऱ्याला, तुळिंजला. वडील औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला, मूळचे संगमेश्वरचे. तिच्या बिल्डिंगला टँकरचं पाणी. एका उन्हाळ्यात आईची तूरडाळ सहा शिट्ट्यांनंतरही शिजेना, तेव्हा शाळकरी स्नेहलने टँकरच्या ड्रायव्हरला विचारलं होतं, "काका, हे पाणी कुठनं आणता?" तो म्हणाला, "तुला काय करायचंय?" या उत्तराने पोरगी जी चवताळली ती थेट पीएच.डी.पर्यंत. मुंबईच्या एका अभियांत्रिकी संस्थेत तिला पर्यावरण विभागात प्रवेश मिळाला होता, पण फेलोशिप मिळाली तरच. वयाच्या अटीत बसायचं तिचं ते शेवटचं वर्ष. इकडे वडिलांच्या कारखान्यानेच तिला तपासणी विभागातल्या नोकरीचं पत्र दिलेलं, एक ऑगस्टला हजर व्हायचं. वडिलांनी ते देव्हाऱ्यात ठेवलं होतं. फेलोशिप नाही मिळाली तर औषधाच्या गोळ्या तपासत आयुष्य जाणार, हे तिने मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज अगदी सपाट होता.

मी तिला काकांकडे पाठवलं. तिचा प्रस्ताव त्यांनी वाचला. शीर्षक साडेतीन ओळींचं. काका म्हणाले, "छान आहे बाय. कुठली विहीर?"

"म्हणजे संपूर्ण किनारपट्टीच..."

"किनारपट्टीतून पाणी काढता येत नाही. विहिरीतून येतं. कुठली?"

ती रडवेली होऊन परत आली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशी काकांनी वही तिच्या हातात दिली. बावीस वर्षांची नोंद. स्नेहलने त्याचा आलेख काढला आणि धावत माझ्याकडे आली. एकोणीस वर्षं ब्युरेटची रेघ मुंगीच्या पावलांनी चढत होती आणि शेवटच्या तीन वर्षांत तिने एकदम उडी घेतली होती. अकराच्या अकरा विहिरी! असली उडी म्हणजे फेलोशिप पदरात पडल्यातच जमा. मी तर मनात तिच्या सत्काराचं भाषणही तयार केलं. सगळा प्रस्ताव त्या उडीवर उभा राहिला.

फॉर्म जूनच्या पहिल्या शुक्रवारी पाठवायचा होता. त्याआधीच्या रविवारी काकांनी आम्हा दोघींना जेवायला बोलावलं. आदल्या दिवशी त्या वर्षीच्या बाटल्या भरून झाल्या होत्या. सेसिलकाकू, म्हणजे काकांची बायको, नुकत्याच चर्चमधल्या मिस्सावरून आल्या होत्या. तांदळाच्या भाकऱ्या व्हायच्या होत्या म्हणून मी मदतीला स्वयंपाकघरात गेले. काकू ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. बाटलीचं बूच काढायचं, कागदाच्या पुडीतून चिमूट उचलायची, बाटलीत सोडायची, ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणायचं, क्रूस करायचा, बूच लावायचं. पुढची बाटली.

"काकू," मी म्हटलं, "हे काय घालताय?"

"मीठ," काकू म्हणाल्या. "आशीर्वादाचं. फादरकडून आणते मी."

"बाटल्यांत?"

"मग कशात? ते पाणी हे परत विहिरीत नेऊन ओततात ना! विहिरी बिघडल्या, विहिरी बिघडल्या म्हणून रोज जीव खातात. मी काय नुसती ऐकत बसू? तीन वर्षं झाली, घालते."

मागे स्नेहल येऊन उभी होती. हातातलं पाण्याचं तांब्याभांडं तिने खाली ठेवलं.

काकांना सांगायचं कुणी, हा प्रश्नच आला नाही, कारण तेही दारात होते. माझ्या डोळ्यांसमोर माणूस खचणार अशी मी तयारी केली. काका मागे वळले. त्यांनी वही आणली, शेवटची तीन पानं उघडली आणि बोट फिरवायला लागले. इनासची: जीभ, गोड. ब्युरेट, भरमसाट. त्याच्यापुढे पेन्सिलीने एक बारीक प्रश्नचिन्ह. मोतेसच्या म्हातारीची: जीभ, गोड. पुन्हा प्रश्नचिन्ह. प्रत्येक विहिरीपुढे तेच. आम्ही सगळ्यांनी ब्युरेटचा रकाना पाहिला होता. जिभेचा कुणी वाचलाच नव्हता.

"मला वाटलं जीभ म्हातारी झाली," काका म्हणाले. "तीन वर्षं मी जिभेला दोष देत होतो!" आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "सेसिल, अगं जीभ बरोबर होती!"

काकूंना यातलं काही कळलं नाही, पण नवरा हसतोय म्हणून त्या भाकऱ्यांकडे वळल्या. स्नेहल मात्र ओसरीत जाऊन बसली होती. उडी गेली, म्हणजे प्रस्ताव गेला, म्हणजे गोळ्या तपासायच्या. मला तिचा चेहरा बघवेना. मी तिच्याजवळ बसून हळूच म्हटलं, "ती तीन वर्षं गाळून टाक. नोंदी एकोणीसच वर्षांच्या आहेत म्हणायचं. कुणाला कळणार आहे?"

हे मी म्हटलं. आज लिहितानाही कानशिलं तापतात, पण म्हटलं खरं.

काका मागून म्हणाले, "बाई, चिठ्ठी नाही लावायची?"

मला ती जुनी बाटली आठवली. 'कुणी: नवीन बाई.'

मग काकांनी जेवणाआधी स्नेहलला समोर बसवलं आणि कागदावर लिहायला लावलं. काय: मीठ. कधी: सलग तीन मे महिने. कुणी: सेसिल, निरीक्षकाची पत्नी. काकू आतून ओरडल्या, "माझं नाव सरकारी कागदावर घालू नका हां! लोक काय म्हणतील?" काका म्हणाले, "लोक म्हणतील, बावतीसच्या बायकोचा हात खारट आहे." त्यावर आतून लाटणं आपटल्याचा आवाज आला. तांदळाच्या भाकरीला लाटणं लागत नाही. ते मुद्दाम काढून आपटलं होतं.

"आता हांग," काका स्नेहलला म्हणाले. "तुला काय ठाऊक नाही?"

तिने वही जवळ ओढून जिभेच्या रकान्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "जीभ किती खरी असते, ते ठाऊक नाही." मागची पानं उलटत म्हणाली, "मिठाच्या आधीची एकोणीस वर्षं दोन्ही रकाने आहेत. जीभ आणि ब्युरेट ताडून बघितलं, तर जिथे ब्युरेट कधीच पोचलं नाही अशा गावांतल्या नुसत्या जिभांवरही विश्वास ठेवता येईल का? ते ठाऊक नाही."

काकांनी कानावरची पेन्सिल काढून तिला दिली. मी त्यांना कुणाला पेन्सिल देताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

चार दिवसांत स्नेहलने अख्खा प्रस्ताव नव्याने लिहिला. शीर्षक एका ओळीत मावलं. आशीर्वादाच्या मिठाचं वाक्य पान तीनवर, कुणाच्याही नजरेतून सुटणार नाही अशा जागी. मी शिफारसपत्र लिहिलं आणि मनातून हाय खाल्ली.

जुलैत मुलाखत झाली. पाच परीक्षक. पहिलाच प्रश्न मिठाचा आला आणि दोघं जण चक्क खदखदून हसले. मग एक वयस्कर बाई म्हणाल्या, "ही तीन वर्षं तुम्ही गाळली असती तर आम्हाला समजलं नसतं. का नाही गाळली?" स्नेहल म्हणाली, "गाळली असती तर जीभ बरोबर होती हे मलाही समजलं नसतं." त्यानंतर चाळीस मिनिटं त्यांनी तिला फक्त जिभेबद्दल विचारलं आणि अर्ध्याहून अधिक प्रश्नांना तिने 'ठाऊक नाही, तेच शोधायचंय' असं उत्तर दिलं. ती तिथून तुळिंजला घरी गेली नाही, थेट भुईगावला गेली. काकांनी निकाल कधी लागणार वगैरे काही विचारलं नाही. म्हणाले, "त्यांना काय ठाऊक नव्हतं?"

फेलोशिप मिळाली. स्नेहलच्या वडिलांनी नोकरीचं पत्र देव्हाऱ्यातून काढलं, नीट घडी घालून कपाटात ठेवलं आणि त्या जागी फेलोशिपचं पत्र ठेवलं. हे तिने मला फोनवर सांगितलं तेव्हा मात्र तिचा आवाज सपाट नव्हता.

बावतीसकाका गेल्या ऑगस्टमध्ये गेले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधीच्या मे महिन्यात, शेवटच्या शनिवारी, त्यांच्याच ओसरीत. स्नेहल फेलोशिपच्या पैशांतून घेतलेलं क्षारता मोजायचं यंत्र घेऊन आली होती. तिचा पहिला मोठा प्रयोग होता. अकरा विहिरींचं पाणी अकरा कागदी पेल्यांत, पेल्यावर नुसते आकडे, कुठलं पाणी कुठलं ते फक्त तिला माहीत. काकांनी चाखायचं आणि सांगायचं. पहिल्या वर्षाचं सगळं काम त्या जिभेवर बेतलेलं.

काकांनी पहिला पेला घेतला. घोट तोंडात घोळवला. दुसरा. तिसरा. चौथ्याला त्यांनी पेला खाली ठेवला.

"बाय," ते म्हणाले, "फेब्रुवारीत ताप आला होता ना, तेव्हापासून चवच नाही. मीठ, साखर, सगळं एक. परत येईल म्हणून बोललो नाही." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "चिठ्ठी लावायला उशीर केला मी."

इतक्या वर्षांत मी त्यांना खजील झालेलं पहिल्यांदाच पाहिलं. स्नेहल नुसती यंत्राचं बटण दाबत होती, लावत होती, बंद करत होती.

काकू आतून चहा घेऊन आल्या. पेल्यांची रांग पाहून म्हणाल्या, "हे काय मांडलंय?" काकांनी सांगितलं. काकूंनी ट्रे खाली ठेवला, पदराला हात पुसला, पहिला पेला उचलून घोट घेतला आणि म्हणाल्या, "हे मोतेसच्या म्हातारीचं."

स्नेहलने दचकून हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"हे इनासचं. आता जरासं बिघडलंय, मागल्या वर्षी बरं होतं. हे शाळेमागचं." काकू एकेक पेला उचलत होत्या. "हे... थांबा. हे फुटक्या काठाचं."

"तुला कसं कळतं?" काकांनी विचारलं.

"कसं म्हणजे? चाळीस वर्षं गावातल्या लग्नांचा भात मीच टाकते. ज्याच्या त्याच्या घरी ज्याचं त्याचं पाणी. मीठ किती घालायचं, ते पाण्याला विचारायला नको?"

इतकी वर्षं काकांनी शनिवारी पाणी चाखून रविवारी त्याच घरात भात जेवला होता. "मी कधी विचारलंच नाही," ते म्हणाले. मोठ्याने म्हणाले, पण आम्हाला कुणाला उद्देशून नाही.

मग त्यांनी वही जवळ ओढली. जिभेच्या रकान्याच्या डोक्यावर, जिथे इतकी वर्षं काहीच लिहायची गरज पडली नव्हती, तिथे त्यांनी लिहिलं, 'कुणी: सेसिल'. काकू कुरकुरल्या, "परत माझं नाव!" पण पाचवा पेला त्यांच्या हातात होताच. चहा निवत होता. काकांनी पेन्सिल कागदाला टेकवली, मान बायकोकडे वळवली आणि आम्हा साऱ्या शिकलेल्यांना विचारायचे त्याच आवाजात म्हणाले, "हांग."